जब हॅरी मेट सेजल खरंच इतका वाईट होता का?

रानजाई

नमस्कार मंडळी, 'जब हॅरी मेट सेजल' आठवतोय का, २०१७ चा, शाहरुख, अनुष्का आणि इम्तियाज अली. ४ ऑगस्टला लागला होता आणि सोमवारी राखीपौर्णिमा म्हणून भाऊ आलेला, तर आम्ही दोघं रविवारीच थिएटरात जाऊन आलो. नुकताच जीएसटी लागून शंभराच्या वरच्या तिकिटावर २८ टक्के चढले होते, तरी हौसेने गेलो आणि इंटरव्हलला दोघंही गप्प. मला अजिबात आवडला नव्हता, समीक्षकांनीही बहुतेकांनी धुतलाच होता.

आता झालं असं की बाबा मे महिन्यात ग्रुपबरोबर युरोप करून आले, रिटायर झाल्यावरची पहिली परदेश वारी. परवा रात्री टीव्हीवर हा लागला, मी चॅनल बदलणार तेवढ्यात म्हणाले राहू दे, आणि चक्क शेवटपर्यंत बघितला. सुरुवातीला 'सफर' गाणं आहे ना, ज्यात शाहरुखचा हॅरी गाईड म्हणून टुरिस्टांना हसत हसत सगळं दाखवत असतो आणि नंतर एकटाच असतो, तेव्हा बाबा एकदम म्हणाले, "हा आमच्या टूर मॅनेजरसारखाच आहे गं. तो पोरगा पंधरा दिवसांत एकदाही आमच्याबरोबर जेवायला बसला नाही, सगळ्यांना मिळालं का बघत उभा असायचा."

तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळतंय की मी बघितला तो सिनेमा आणि बाबांनी बघितला तो वेगळा होता का. तुम्हाला कसा वाटला होता? आणि नक्की बिघडलं कुठे?

कट्ट्यावरचा_गणू

मला विचाराल तर नावातच घात झाला. हे नाव ऐकलं की दोन सिनेमे आपोआप डोळ्यासमोर येतात, एक १९८९ चा हॉलिवूडचा 'व्हेन हॅरी मेट सॅली' आणि दुसरा इम्तियाजचा स्वतःचा 'जब वी मेट', जो आपल्याकडे लोकांना अक्षरशः पाठ आहे. म्हणजे प्रेक्षक 'जब वी मेट'मधल्या गीतला भेटायला आला आणि पडद्यावर भेटला एक थकलेला, स्वतःवरच चिडलेला माणूस. प्रमोशनही तसंच केलं होतं, आधी ट्रेलर नाहीच, छोटे छोटे 'मिनी ट्रेल' सोडले, त्यात सगळी चटपटीत भांडणं आणि तो इन्डेम्निटी बाँडचा प्रकार, म्हणजे काही घडलं तर हॅरी जबाबदार नाही असं सेजल कायदेशीर लिहून देते तो. त्यातल्या एका शब्दावरून सेन्सॉर बोर्डाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी, पहलाज निहलानींनी, तो शब्द ठेवायचा तर एक लाख लोकांची मतं आणा म्हणून जाहीर सांगितलं होतं, ते आठवत असेलच. एवढा गाजावाजा झाल्यावर माणूस हसायच्या तयारीनेच जातो ना. सिनेमा मात्र मनातून उदास आहे. उदास सिनेमा करायला माझी काहीच हरकत नाही, पण मग तसं सांगून बोलवा लोकांना.

बाबांनी कुठलीच अपेक्षा न ठेवता बघितला म्हणून त्यांना सरळ दिसला असं मला वाटतं.

मीनल_घाटकोपर

गणू, प्रमोशनचं पटलं, पण सगळं त्याच्यावर नका ढकलू. सेजल हे पात्रच नीट लिहिलेलं नाही हो. माझं लहानपण घाटकोपरला गेलं, आमच्या मजल्यावर चारपैकी तीन बिऱ्हाडं गुजराती, त्यामुळे मला हे फार लागलं. अनुष्काचा तो गुजराती हेल एका वाक्यात आहे तर दुसऱ्या वाक्यात गायब. आमच्या शेजारच्या बेन हॉलला होल म्हणायच्या पण ते कायम, रागावल्या तरी होलच, हेल काही कानातल्यासारखा काढून ठेवता येत नाही.

आणि नुसता हेल नाही. ही मुलगी वकील आहे, झवेरी घराण्यातली, साखरपुड्याची अंगठी हरवली म्हणून सगळं घर विमानात बसून गेल्यावर एकटी परदेशात मागे राहते. केवढी मोठी गोष्ट आहे ही! माझ्याबरोबरच्या किती मुलींना लग्नाआधी एक आठवडा असा मिळाला असता तर काय काय उमगलं असतं. पण सिनेमा तिला हे विचारतच नाही की बाई तुला त्या रूपेनशी लग्न करायचंय का. ती सारखी हॅरीलाच विचारत राहते की मी दिसायला कशी आहे, मी तुला आकर्षक वाटते का. मला तिथे फार वाईट वाटलं, अनुष्कासाठी पण आणि सेजलसाठी पण. शाहरुख तेव्हा ५१ चा आणि ती २९ ची, त्याचंही मला काही नाही, 'रब ने बना दी जोडी'त २००८ साली ती नवी होती तरी ती तानी माणूस वाटली होती. इथे सेजल फक्त हॅरीला बरं करायला आणलेली वाटते.

डोकी_मोजणारा

रानजाई ताई, धागा बघून राहवलं नाही. मी अकरा वर्षं हेच काम करतो, आपल्या मराठी ग्रुप्सना घेऊन युरोप, कंपनीचं नाव नको. आयडीवरून कळलंच असेल, कोचमध्ये पाऊल टाकलं की आधी डोकी मोजायची, प्रत्येक थांब्यानंतर, अगदी टॉयलेट ब्रेकनंतरही.

आधी सिनेमातलं काय पटलं नाही ते सांगतो. हॅरी एकटाच सगळीकडे सगळं करतो, प्रत्यक्षात टूर मॅनेजर वेगळा आणि गाईड वेगळा. रोम, फ्लॉरेन्स, व्हिएन्ना अशा ठिकाणी माहिती द्यायला लायसन्सवाला लोकल गाईडच लागतो. आमचं काम म्हणजे वेळ सांभाळणं. ड्रायव्हरने साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं ब्रेक, दिवसाला ९ तास, आठवड्यात फार तर दोनदा १०, त्यामुळे एक काका फोटो काढत वीस मिनिटं मागे राहिले की सगळ्या दिवसाचं गणित कोलमडतं आणि तरी चेहरा हसराच ठेवायचा.

आता जे पटलं ते. लोक सगळ्यात जास्त हसले कशावर, तर ॲम्स्टरडॅमपासून प्राग, बुडापेस्ट, लिस्बन करत जी अंगठी शोधली ती शेवटी तिच्याच सामानात निघते यावर. अहो, हेच तर सगळ्यात खरं आहे! थंडीत बोटं बारीक होतात, अंगठ्या ढिल्या पडतात. एकदा ल्युसर्नहून निघालो आणि चाळीस मिनिटांनी एका काकूंच्या लक्षात आलं की अंगठी नाही. सासूबाईंची होती, रडून रडून डोळे सुजले. हॉटेलला फोन केला, रूम उघडवली, कोच बाजूला घेऊन डिकीतून सेहेचाळीस लोकांच्या बॅगा उतरवल्या. अंगठी मिळाली भाकरवडीच्या पुड्यात. सकाळी सगळ्यांना वाटताना हात घातला होता तेव्हा निसटली. त्यांनी ती मसाला लागलेलीच बोटात घातली आणि माझा हात धरून बसून राहिल्या. तेव्हापासून कुणाचं काहीही हरवलं तरी माझं पहिलं वाक्य ठरलेलं, आधी आपली खाऊची पिशवी बघा.

दुसरं म्हणजे एअरपोर्ट. पंधरा दिवस हे लोक तुम्हाला बाळा म्हणतात, उरलेले लाडू हातात कोंबतात, सांगलीला आलास की घरीच उतरायचं म्हणतात आणि ते मनापासूनच म्हणतात. मग सिक्युरिटीच्या पलीकडे जातात, एकदा वळून हात करतात आणि संपलं. बाहेर येऊन रिकाम्या कोचमध्ये बसलं की इतकं शांत वाटतं की कानात दडे बसल्यासारखं होतं. संध्याकाळी पुढचा ग्रुप उतरायचा असतो. शाहरुखने ते सुरुवातीच्या गाण्यात नुसत्या चेहऱ्यावर दाखवलंय, हसू हळूहळू उतरत जातं ते, आणि मी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला घरी फोन लावावा लागला होता.

माझा राग एवढाच आहे की इतकं नेमकं पकडल्यावर सोडून का दिलं. पंजाबातल्या नूरमहलहून निघालेला हा माणूस घरी का जात नाही, त्याला कुणाची आठवण येते, हे अगदी तुकड्यातुकड्यात येतं आणि त्याऐवजी लिस्बनमध्ये तो गॅस नावाचा गुंड येतो. चंदन रॉय सन्याल नट उत्तम आहे, पण ती वीस मिनिटं हॅरीच्या घराला दिली असती तर मी हा सिनेमा माझ्या आईला दाखवला असता.

सुरेल_दुपार

गाण्यांवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितेय. प्रीतम आणि इर्शाद कामिल यांनी जीव ओतलाय. 'हवाएँ' आजही लग्नाच्या प्रत्येक व्हिडिओत ऐकू येतं पण माझं आवडतं 'सफर'च, अरिजितने ते अजिबात आवाज न चढवता म्हटलंय. माझं मत असं की जे पटकथेत राहून गेलं ते सगळं गाण्यांत आहे. अल्बम ओळीने ऐका, सिनेमापेक्षा जास्त कळतो हॅरी.

मीनल, सेजलबद्दल शंभर टक्के सहमत.

रानजाई

सगळ्यांचे खूप खूप आभार. मीनल, तुझं वाचून कळलं की मला तेव्हा नक्की काय टोचलं होतं, शब्द सापडत नव्हते. आणि गणू म्हणतात तेही खरंच, आम्ही दोघं गीतलाच शोधत होतो.

डोकी_मोजणारा, तुमचा प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. भाकरवडीपर्यंत हसत होते, एअरपोर्टचं आलं तेव्हा चष्मा काढून पुसला आणि उठून मोबाईल आणला. टूरचा व्हॉट्सॲप ग्रुप अजून आहे, त्यातून त्या मुलाचा नंबर काढून त्याला फोन लावला. त्याने उचलला नाही, प्रागमध्ये असेल असं ग्रुपवर कुणीतरी सांगितलं. बाबांनी तुम्हाला विचारायला सांगितलंय की तुम्ही लोक जेवता कधी?

डोकी_मोजणारा

काकांना नमस्कार सांगा. रूमच्या चाव्या वाटून झाल्या, उद्याच्या कोचची वेळ ड्रायव्हरशी पक्की झाली की साधारण साडेनऊला. आज एका आजींनी स्वतःच्या पिशवीतलं मेतकूट दिलंय, भाताबरोबर ते खाणार. आणि त्या मुलाला उद्या सकाळी परत फोन करायला सांगा, सातच्या आत, नंतर तो डोकी मोजत असेल.