खाटेवरच्या पेशंटची उंची कशी मोजू? ५०० रुपयांच्या आत सुचवा

उपकेंद्र_ताई: मी यवतमाळकडे उपकेंद्रावर आहे. घरभेटीत लकवा झालेले, मांडीचं हाड मोडलेले पेशंट असतात, उभे राहत नाहीत. आहारतज्ज्ञ फोनवर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, मागतात. स्कूटीवर नेता येईल असं काय घेऊ? पैसे खिशातलेच आहेत.

कापूसवाला: लेझर मीटर घ्या जी ताई. मी घराच्या बांधकामासाठी २२०० ला घेतलं. मिलिमीटरपर्यंत सांगते.

वर्धेकर: २२००? ताईंनी ५०० लिहिलंय. आणि लेझर लावणार कुठं? बाजेला मधे झोळ असतो, पेशंटचे पाय आखडलेले.

कापूसवाला: आमची बाज ताणून विणलेली हाय. झोळ नाही.

निवृत्त_फार्मासिस्ट: गुडघ्याची उंची घ्या, बाकी सगळं सोडा. गुडघा आणि घोटा दोन्ही काटकोनात ठेवून टाचेच्या तळापासून गुडघ्याच्या वर मांडीपर्यंत. बाईसाठी ८४.८८ + (१.८३ × गुडघा सेंमी) − (०.२४ × वय). पुरुषासाठी ६४.१९ + (२.०२ × गुडघा) − (०.०४ × वय). सत्तर वर्षांच्या बाईचा गुडघा ४४ भरला तर १४८.६ सेंमी. माझ्याकडे त्यासाठी बाहेरून मागवलेला मोजायचा कॅलिपर आहे, किंमत विचारू नका.

मेळघाट_डॉक: सूत्र अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांवरून काढलेलं आहे. आपल्याकडे थोडं इकडंतिकडं होणारच.

निवृत्त_फार्मासिस्ट: अंदाजच आहे, वावराची मोजणी नाही.

बडनेऱ्याचा_भाऊ: एवढं कायले? हात पसरवा, छातीवरच्या खाचेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा, दुप्पट करा. फुकट.

मेळघाट_डॉक: म्हातारपणी पाठ वाकते, मणके दबतात, हात तेवढेच राहतात. तुमच्या हिशोबानं उंची तरुणपणची येईल. हाताचं हाड, कोपर ते मनगट, तेही नको. एवढ्याशा मापात अर्धा सेंमी चुकला की उंची बरीच हलते.

पांढरकवडा_११: दोन्ही हात पसरून पूर्ण वाव मोजा ना. वर कोणी सांगितलं नाही वाटते.

बडनेऱ्याचा_भाऊ: मी सांगितलं की बाप्पा!

आशाताई_२: उंची निघेल, पण वजन? उभाच राहत नाही तर काट्यावर कसा चढवता? दंडाचा घेर घ्या. २३.५ सेंमीच्या खाली असला तर बीएमआय बहुतेक २० च्या खाली. आमच्याकडे लहान लेकरांच्या दंडाची पट्टी आहे, ती मात्र मोठ्या माणसाला पुरत नाही.

निवृत्त_फार्मासिस्ट: मुद्दा उंचीचा चालू आहे.

उपकेंद्र_ताई: वजनाचं आशाताई म्हणतात ते खरं, दंडाचा घेर यापुढे घेईनच. पण उंचीसाठी मी कोपर ते मनगटच घेणार. माझ्या निम्म्या पेशंटचा गुडघा काटकोनात येतच नाही, आणि लकव्याचा हात पसरवायचा म्हणजे पेशंट कळवळतो. धडधाकट हात छातीवर आडवा ठेवला, कोपराच्या टोकापासून मनगटाच्या वर आलेल्या हाडापर्यंत टेप लावला, झालं. ब्रिटिशांच्या 'मस्ट' या कुपोषण तपासणीच्या तक्त्यात त्या मापावरून वय आणि बाई-पुरुषाप्रमाणे उंची दिलेली आहे. दरवेळी तोच हात, म्हणजे पुढच्या भेटीत माप बदललं तर माझीच चूक कळेल. शिंप्याचा टेप घेतला.

मेळघाट_डॉक: दोनदा मोजा मग. आणि कापडी टेप असेल तर पट्टीशी ताडून पाहा, वापरून ओढला जातो.

कापूसवाला: लेझर ओढलं जात नाही.