मूठ सोडली तरी रेस उतरत नाही, घाटात पार घाबरगुंडी उडाली

वशिष्ठीकाठचा
नमस्कार मंडळी. गाडी १०० सीसी, २००९ ची, कार्बोरेटरवाली. वडिलांची होती, आता मी चालवतो. पावसाळाभर अंगणात ताडपत्रीखाली उभी होती, दिवाळीनंतर बाहेर काढली. गेल्या रविवारी कराडहून येताना कुंभार्ली घाट उतरत होतो आणि एका वळणावर मूठ सोडली तर गाडी मंदावेचना, मी ब्रेक दाबतोय आणि इंजिन आपलं पुढे ढकलतंय, नशीब समोरून एसटी नव्हती. क्लच दाबला तर असली किंचाळली की मागे बसलेली बायको म्हणाली फुटतंय आता हे. चावी बंद करून कडेला घेतली. मूठ हाताने उलटी फिरवली की रेस उतरते, सोडून दिली की तिथेच राहते. गल्लीतल्या फिटरने केबलमध्ये ऑइल सोडलं, दोन दिवस बरी चालली, परत तेच. आता तो म्हणतो अख्खा कार्बोरेटर बदला. खरंच बदलायचा का? आणि अजून एक, घरासमोर गाडी चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की रेस आपोआप वाढल्यासारखी वाटते, पण तो माझा भासही असेल.

शॉर्टकट_सम्राट
भाऊ कशाला एवढं डोकं लावतोस, मुठीत ग्रीस भर मस्त, वरून स्प्रे मार. माझी तीन वर्षं अशीच चालू आहे.

पानापक्कड
ग्रीस अजिबात भरू नकोस रे बाबा. केबलमध्ये ग्रीस गेलं की धूळ धरतं आणि थंडीत घट्ट होतं, मग आज जेवढी अडकते त्याच्या दुप्पट अडकेल. मी २२ वर्षं गॅरेज चालवलं, आता गुडघ्यांमुळे बंद केलंय, त्यामुळे वेळ आहे, सविस्तर लिहितो.

कार्बोरेटर बदलायची घाई नको. आधी अडकतंय कुठे ते शोधायचं, जागा तीनच आहेत, मूठ, केबल आणि कार्बोरेटरमधला पिस्टन (इंजिनचा नव्हे, मूठ पिळली की केबलने वर उचलला जातो आणि हवा-पेट्रोल वाढवतो तो). इंजिन बंद ठेव, हँडल सरळ ठेव, मूठ पूर्ण पिळून सोड. टक्कन आवाज करून मागे आपटली पाहिजे. मग हँडल पूर्ण डावीकडे नेऊन तेच कर, मग उजवीकडे. तू जे डावीकडचं लिहिलंयस ना तो भास नाही, माझ्या मते तुझं उत्तर तिथेच आहे. हँडल वळवल्यावर रेस वाढते म्हणजे केबल ओढली जातेय, एकतर रस्ता चुकलाय किंवा कुठेतरी दाबली गेलीय. मध्यंतरी टाकी काढली होती का? हँडलला नवीन काही लावलंय का?

तेवढ्यात सापडलं नाही तर कार्बोरेटरचं वरचं झाकण उघड, पिस्टन, स्प्रिंग आणि नीडल (पिस्टनला लटकलेली बारीक सुई) केबलसकट वर येतात. केबल पिस्टनमधून सोडव आणि मोकळी तार वरखाली करून बघ. अजूनही जड असेल तर मूठ किंवा केबल. मोकळी असेल तर पिस्टनला कचरा लागलाय, नाहीतर स्प्रिंग गेलीय. मुठीत एक गंमत असते, नवीन ग्रिप घालताना लोक जास्त आत ढकलतात आणि रबर स्विचच्या डबीला घासत बसतं, दोन मिलिमीटर बाहेर ओढलं की काम झालं. आणि कार्बोरेटरचे दोन बोल्ट कोणी जीव खाऊन आवळले असतील तर बॉडी किंचित वाकते आणि पिस्टन आत घासतो, बोल्ट जरा ढिले केल्यावर मोकळा होतो का ते बघायचं. हे फार जणांना माहीत नसतं. स्प्रिंग ताणून लांब करायची आयडिया मात्र करू नकोस.

पिस्टन परत घालताना त्याची उभी खाच आतल्या खिळीवर बसली पाहिजे आणि खालचा कापलेला भाग एअर फिल्टरच्या बाजूला. उलटा बसला तर चालू करताच गाडी फुल्ल रेसला जाते. म्हणून पहिल्यांदा डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, एक हात चावीवर ठेवून चालू कर.

आणि हे होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नकोस, गावातल्या गावातसुद्धा नको. घाटात तू क्लच दाबून चावी बंद केलीस ते बरोबर केलंस.

नाशिकची_स्वारी
काकांनी सगळं सांगितलंच आहे, फक्त एक जोडते. कोणी २०२० नंतरची बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतली) गाडी घेऊन हे वाचत असेल तर त्यातल्या बहुतेक गाड्या इंजेक्शनवाल्या आहेत, म्हणजे कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणाऱ्या, तिथे वर येणारा पिस्टन नसतो, थ्रॉटल बॉडीत फिरणारी चकती असते. केबल आणि मुठीचं तपासणं तेच, पण थ्रॉटल बॉडीवरचे रंग लावून बंद केलेले स्क्रू फिरवत बसू नका. मी फिरवला होता. आयडलिंग, म्हणजे मूठ सोडल्यावरची रेस, जागेवर आणायला दोन खेपा झाल्या.

वशिष्ठीकाठचा
काका, सापडलं! सरळ हँडलला जड, उजवीकडे ठीक, डावीकडे मूठ परत येतच नाही. टाकी कोणी काढली नव्हती, पण जूनमध्ये मोबाईल होल्डर बसवून घेतला होता. दुकानदाराने चार्जरची वायर, हेडलाइटच्या वायरी आणि रेसची केबल असं सगळं मिळून एकाच प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून टाकलेलं. पट्टी कापली तर खालचं केबलचं कव्हर चपटं झालेलं आणि तडकलेलं. पावसाचं पाणी तिथूनच आत गेलं असणार, कारण तार बाहेर काढली तर बोटाएवढ्या भागात नुसता लालभडक गंज आणि दोन बारीक तारा तुटून काट्यासारख्या उभ्या. मूठ सोडली की त्याच कव्हरच्या आत अडकत असतील. आता ऑइल सोडून भागेल की केबल नवीनच?

पानापक्कड
नवीनच. दोन तारा तुटल्या म्हणजे बाकीच्यांचा नंबर लागलाच, आणि गंजलेल्या तारेला ऑइल म्हणजे दोन दिवसांचं औषध, ते तू बघितलंसच. केबल काही महाग नसते. जुनी बाहेर ओढायच्या आधी तिच्या टोकाला सुतळी बांध, म्हणजे टाकीखालून नवीन केबल त्याच वाटेने येते. बसवल्यावर मुठीला २ ते ६ मिलिमीटर ढिल ठेव, मग इंजिन चालू करून हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरव, रेस तसूभरही हलता कामा नये.

वशिष्ठीकाठचा
आज बसवली. सुतळीची युक्ती भारी आहे काका, पाच मिनिटांत केबल पलीकडे. हँडल कुठेही फिरवा, रेस जागची हलत नाही, आणि मूठ सोडली की असा टक्क आवाज येतो की बायको स्वयंपाकघरातून विचारते काय मोडलं. पिस्टन पेट्रोलने पुसून घेतला, त्याला काही नव्हतं. फिटरला कापलेली पट्टी दाखवली तर म्हणतो, मी हेच म्हणत होतो.

शॉर्टकट_सम्राट
माझ्या गाडीलाही होल्डर आहे. बघून येतो.