मदत हवी आहे: बी.एस्सी. गणिताला मायनर फिजिक्स घेऊ की स्टॅट्स? आणि चौथ्या वर्षाचं काय?

इवलासा_एप्सिलॉन

नमस्कार मंडळी. धागा लांबलाय, आधीच सांगते. फॉर्म भरायची तारीख जवळ आलीये आणि घरात, शेजारीपाजारी यातलं कळणारं कुणी नाही.

मी एफवाय बी.एस्सी. संपवून एसवायला चाललेय. तालुक्याच्या गावातलं संलग्न कॉलेज, नव्या शैक्षणिक धोरणाचा पॅटर्न. ज्यांचं शिक्षण जुन्या काळात झालंय त्यांच्यासाठी: आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाचे असतात. माझे गणित, फिजिक्स आणि स्टॅट्स. दुसऱ्या वर्षाला त्यातला एक मेजर (मुख्य) होतो, एक मायनर (जोडविषय) होतो आणि तिसरा सुटतो. मेजर गणितच, त्यात काही शंका नाही. घोडं अडलंय ते मायनरवर.

फिजिक्स मला आवडतं. शिकवणारे सर चांगले आहेत, पण प्रॅक्टिकल आणि जर्नलमध्ये अख्खी दुपार जाते. स्टॅट्सला सध्या तासिका तत्त्वावरच्या मॅडम आहेत, पुढच्या वर्षी त्या असतील की नाही हे त्यांनाही माहीत नाही. बाबांचं म्हणणं, स्टॅट्स घे, त्याला नोकरी आहे. मामा म्हणतो, काहीही घे पण बी.एड.चं बघून ठेव.

मला स्वतःला एम.एस्सी. गणितातच करायचीये, जमलं तर आयआयटीत. त्यापुढे संशोधन की शिकवणं, ते आत्ता सांगता येणार नाही.

दुसरी भीती जास्त मोठी आहे. तिसऱ्या सत्राच्या २२ क्रेडिट्समध्ये मेजर आणि त्याला जोडलेला कौशल्य विषय मिळून ८ क्रेडिट्स. बाकी मायनर, ओपन इलेक्टिव्ह, भाषा, भारतीय ज्ञान प्रणाली, फील्ड प्रोजेक्ट, एनएसएस किंवा खेळ. हे विषय वाईट आहेत असं नाही, पण मग गणित कधी शिकायचं? पहिल्या वर्षी आम्ही सिक्वेन्सेस, लिमिट, कंटिन्युइटी केलं, थोडं कॅल्क्युलस, मॅट्रिसेस आणि प्रॅक्टिकलला मॅक्सिमा हे गणिताचं सॉफ्टवेअर. सिद्धता परीक्षेत पाठ करून लिहिल्या तरी मार्क पडतात. मला ९० च्या वर आहेत आणि तरीही मला रिअल ॲनालिसिस येतं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

तर प्रश्न असे:
१) आयआयटीच्या प्रवेशाला मायनर कोणता आहे याने फरक पडतो का?
२) नव्या धोरणातलं ऑनर्सचं चौथं वर्ष आमच्याकडे नाही. त्यासाठी कॉलेज बदलावं का?
३) सिलॅबसमध्ये जे राहतंय ते स्वतः कसं भरून काढायचं? क्लास लावायची ऐपत नाही, पुण्याला राहायचीही नाही.

---

बंड्या_बोरकर

गणित घेतलंस हेच बरं केलंस. बँक आणि एमपीएससीच्या क्वांटला डोळे झाकून मार्क. बाकी चालू द्या.

---

एक्सेलचा_हमाल

बाबांच्या बाजूने बोलणारा मीच दिसतोय इथे.

मी बी.एस्सी. गणित करून आता पुण्यात विमा क्षेत्रातल्या ॲनालिटिक्समध्ये आहे. मुलाखतीत ग्रुप थिअरी कुणी विचारत नाही. रिग्रेशन, प्रोबॅबिलिटी, थोडं पायथन आणि एसक्यूएल विचारतात. स्टॅट्स मायनर असता तर पहिलं वर्ष मला इतकं जड गेलं नसतं.

ॲक्चुअरीचा, म्हणजे विम्यातल्या जोखमीचं गणित मांडणाऱ्याचा, रस्ताही डोक्यात ठेव. इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्चुअरीज ऑफ इंडियाची एसेट ही प्रवेश परीक्षा डिग्रीच्या आधीही देता येते, आणि पुढचा सीएस१ हा पेपर म्हणजे निव्वळ स्टॅटिस्टिक्स. गावात राहून अभ्यास होतो. फिया मात्र लागतात, ते आधी बघ. आणि पेपर पास होत जायला वर्षं जातात, ‘दोन वर्षांत ॲक्चुअरी’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा.

एम.एस्सी.ला प्रवेश नाही मिळाला तर काय, हा प्रश्न वडिलांना पडतोच. त्याचं उत्तर मायनरमध्ये असू दे एवढंच म्हणतो.

---

खडूची_धूळ

मी बरीच वर्षं सिनियर कॉलेजला गणित शिकवतोय, त्यामुळे जरा सविस्तर.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही पडत. आयआयटीची एम.एस्सी. म्हणजे जॅम ही प्रवेश परीक्षा. बहुतेक आयआयटींची अट एवढीच की पदवीला गणित किमान दोन वर्षं, म्हणजे चार सत्रं असावं. मेजर गणित म्हटल्यावर तो प्रश्न मिटला. पेपर ३ तासांचा, १०० गुणांचा, ६० प्रश्न. त्यातले ३० नेहमीचे एक उत्तराचे, त्यांना निगेटिव्ह मार्किंग. १० असे की एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, आणि सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण. उरलेल्या २० मध्ये संख्या काढून टाइप करायची. त्या १० प्रश्नांत पाठांतरवाले गळतात, कारण तिथे प्रत्येक पर्यायाला एकतर सिद्धता लागते नाहीतर प्रतिउदाहरण.

आता खरी गोष्ट. मायनरवर एवढा खल करतेस, त्यापेक्षा एसवाय आणि टीवायचा सिलॅबस उघड आणि कुठला पेपर कुठल्या सत्रात आहे ते बघ. जॅम फेब्रुवारीत होते. म्हणजे टीवायला असताना तू परीक्षेला बसशील तेव्हा सहावं सत्र नुकतंच सुरू झालेलं असेल. सहाव्या सत्रात जे शिकवणार ते तुझ्या काहीच कामाचं नाही. पाचव्यात जे आहे त्याला मुरायला वेळ नाही. बहुतेक ठिकाणी ग्रुप थिअरी टीवायलाच येते. जॅमच्या गणिताचे तीन खांब: रिअल ॲनालिसिस, मग मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस आणि डिफरन्शियल इक्वेशन्स, आणि तिसरा लिनिअर अल्जेब्रा व ग्रुप्स. यातला जो भाग तुमच्याकडे उशिरा आहे तो एसवायच्या सुट्टीत स्वतः सुरू करावा लागेल. दरवर्षी हुशार मुलं इथे मार खातात. त्यांना विषय येत नाही असं नसतं, तो फेब्रुवारीपर्यंत त्यांच्यापाशी पोचलेलाच नसतो.

९० मार्क आणि तरी ॲनालिसिस येत नाही, हे तुझं तुला कळलं हे उत्तम. एक चाचणी देतो. बंद आणि बाउंडेड इंटरव्हलवरचं कंटिन्युअस फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस असतं, हे प्रमेय तुमच्याकडे झालं असेल किंवा होईल. वही मिटून सिद्धता लिही. मग त्यातला ‘बंद’ हा शब्द खोड आणि तुझ्याच सिद्धतेतली नेमकी कुठली ओळ मोडते ते दाखव. शून्य ते एक या खुल्या इंटरव्हलवर एक छेद एक्स घेऊन बघ, त्या ओळीचं काय होतं. मग ‘बाउंडेड’ खोड आणि पूर्ण रेषेवर एक्सचा वर्ग घे. हे जमलं तर तुला प्रमेय येतं. प्रत्येक प्रमेयाला हे करायला वेळ लागतो, पण दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

चौथ्या वर्षाबद्दल रात्री लिहितो, आत्ता पेपर तपासायचेत.

---

सिरुसेरीकर

मूळचा साताऱ्याचा, बी.एस्सी. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमधून. तुझ्या ‘२२ मध्ये ८’ वरून आठवलं. आमच्याकडे पहिल्याच सत्रापासून ॲनालिसिस आणि अल्जेब्रा सिद्धतेसकट, आणि प्रोग्रॅमिंगची पहिली भाषा हॅस्केल. बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेतलेली मुलंही त्यापुढे नवशिकीच. अल्जेब्रा एक, दोन, तीन असा सलग चालायचा. तीन वर्षांत टोपोलॉजी, कॉम्प्लेक्स ॲनालिसिस, अल्गोरिदम्स, सगळं. बंगळुरूला भारतीय सांख्यिकी संस्थेचं बी.मॅथ. आहे, तेही साधारण याच जातीचं.

हे तुला जळवायला सांगत नाहीये. या जागा मोजक्या असतात, बारावीनंतरच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षा असतात, आणि तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजात त्यांचं नावही कुणी काढत नाही. माझ्या वर्गातल्या मराठी मुलांना बहुतेक गणित ऑलिम्पियाडच्या ओघात कळलेलं. पण दोन्हीकडे मास्टर्सला बाहेरची मुलं घेतात आणि तेव्हा बी.एस्सी. कुठून केली हे बाजूला पडतं. लेखी पेपरात सिद्धता लिहाव्या लागतात. तेव्हा फक्त जॅमच्या पर्यायांवर तयारी करू नकोस, पूर्ण उत्तर लिहायचा सराव ठेव. मागच्या वर्षांचे पेपर दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर फुकट आहेत. आजच एक काढ आणि फक्त वाच.

मायनर: मी फिजिक्स घेतलं असतं. मेकॅनिक्स समजलेल्याला डिफरन्शियल इक्वेशन्स पानावर मेलेली दिसत नाहीत. पण हे आवडीचं मत आहे, त्यावर फॉर्म भरू नकोस.

---

इवलासा_एप्सिलॉन

खडूची धूळ सर, खूप आभार. सिलॅबस उघडला. लिनिअर अल्जेब्रा चौथ्या सत्रात आहे आणि ग्रुप थिअरी पाचव्यात. मल्टिव्हेरिएबल आहे, पण निम्माच पेपर. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच.

ती चाचणी करून बघितली. ‘बंद’ खोडल्यावर कुठे मोडतं ते सापडायला वेळ लागला. सबसिक्वेन्स कुठेतरी जातो खरा, पण तो जिथे जातो तो बिंदूच इंटरव्हलमध्ये नाही, असंच ना?

एक्सेलचा हमाल दादा, बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते खूश आहेत.

---

खडूची_धूळ

असंच. आता तेच ‘बाउंडेड’ला कर. तिथे वेगळी ओळ मोडते.

चौथं वर्ष. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिट्सची, चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ ची. संशोधनासह ऑनर्स हवं तर पहिल्या सहा सत्रांत साडेसात सीजीपीए किंवा ७५ टक्के लागतात. चार वर्षं केलीस तर पुढे एम.एस्सी. एका वर्षाची. तीन केलीस तर दोन वर्षांची. बेरीज दोन्हीकडे पाचच. मग चौथं वर्ष कुणासाठी? ज्यांना परदेशी जायचंय त्यांच्यासाठी अर्थ आहे, अमेरिकेतली बरीच विद्यापीठं चार वर्षांची पदवी धरून चालतात. आणि ज्यांच्याच कॉलेजात भक्कम पीजी विभाग आहे त्यांच्यासाठी. तू गाव सोडून, खोलीचं भाडं भरून अशा ठिकाणी चौथं वर्ष करणार जिथे कुणी ओळखत नाही, आणि पुन्हा वर्षभराने प्रवेशासाठी रांगेत? तेच पैसे आणि तेच वर्ष जॅम देऊन दोन वर्षांच्या एम.एस्सी.त घाल. जॅम नाही निघाली तर चौथ्या वर्षाचा पर्याय तेव्हाही आहेच, क्रेडिट्स ॲकॅडेमिक बँकेत जमा असतात. म्हणून आत्ता कॉलेज बदलू नकोस.

एक मात्र कर. स्वयम या सरकारी पोर्टलवरचे ऑनलाइन कोर्स क्रेडिट म्हणून घ्यायची यूजीसीने मुभा दिली आहे, पण कॉलेजने मान्य करावे लागतात. ओपन इलेक्टिव्ह वगैरेत काही बसतं का, हे तुमच्या समन्वयकांना लेखी अर्ज देऊन विचार. तोंडी विचारलं की ‘बघू’ म्हणतात. क्रेडिट नाही मिळालं तरी आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटेलवरची लिनिअर अल्जेब्राची व्याख्यानं फुकट आहेत. मोबाइलवर बघ, पण वही समोर ठेवून. नुसतं बघून गणित येत नाही.

---

मेमधली_मुलगी

तिसऱ्या प्रश्नावर अजून कुणी न सांगितलेलं सांगते. एमटीटीएसला अर्ज कर!

मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च. १९९३ पासून चालू आहे, प्रा. कुमारेसन यांनी सुरू केलं. उन्हाळ्यात साधारण चार आठवडे. एसवायवाल्यांसाठी ओ लेव्हल, टीवायला पहिली, एम.एस्सी. पहिल्या वर्षाला दुसरी. निवड झाली की राहणं, जेवण, रेल्वेभाडं त्यांच्याकडून. म्हणजे ऐपतीचा प्रश्न येत नाही. तिथे सर फळ्यावर उत्तर लिहीत नाहीत, तुम्हालाच उभं करून विचारत राहतात. पहिल्या आठवड्यात मला घरी पळून जावंसं वाटत होतं. पण खडू सर वर सांगतायत ते ‘शब्द खोडून बघणं’ तिथे सकाळ-संध्याकाळ चालतं.

शिवाय माधव गणित स्पर्धा. संगमग्रामच्या माधव या केरळच्या जुन्या गणितीच्या नावाने, २०१० पासून, पुण्याचं एस. पी. कॉलेज आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र घेतात. खास बी.एस्सी.च्या मुलांसाठी. बक्षीस मिळो न मिळो, जुने पेपर सोडव. कॉलेजात नोटीस लागत नाही, आपणच सरांना आठवण करायची. आणि पुण्याला कधी येणं झालं तर भास्कराचार्य प्रतिष्ठानात डोकावून ये. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलेली संस्था, तिथलं ग्रंथालय बघण्यासारखं आहे.

मायनर स्टॅट्स होता माझा. नेटच्या, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेच्या, मॅथेमॅटिकल सायन्सेसच्या पेपरात चौथं युनिट स्टॅट्सचं असतं, पण गणितवाले बहुतेक पहिल्या तिनांतच खेळतात. म्हणजे तिकडेही फार फायदा नाही, तोटाही नाही.

---

इवलासा_एप्सिलॉन

एमटीटीएसचं पहिल्यांदाच ऐकलं, बघते. कॉलेज बदलत नाही, हे तर ठरलं.

मायनरचं मात्र अजून लटकलंय. बाबा स्टॅट्स, मन फिजिक्स. इथेही दोन-दोन पार्ट्या.

---

खडूची_धूळ

माझं मत विचारशील तर जो विषय नीट शिकवला जाणार आहे तो घे. स्टॅट्सच्या मॅडमची नेमणूक होणार का, हे फॉर्म भरायच्या आधी ऑफिसात विचार. होणार असेल तर स्टॅट्स घे, बाबाही निश्चिंत. नसेल तर फिजिक्स, आणि प्रोबॅबिलिटी स्वतः वाच. मायनरची प्रॅक्टिकल्स आणि मेजरची लेक्चर्स वेळापत्रकात आदळत नाहीत ना, तेही त्याच वेळी बघून घे. आमच्याकडे गेल्या वर्षी निम्म्या वर्गाचं तसं झालं होतं.

---

इवलासा_एप्सिलॉन

उद्या ऑफिसला जाते. ‘बाउंडेड’चं जमलं सर, एक्सच्या वर्गाला कन्व्हर्ज होणारा सबसिक्वेन्सच मिळत नाही.