ग्रीड बसतं ते वारा पडल्यामुळे?

‘वारा पडला की ग्रीड बसणार’, म्हणजे वीजवाहिन्यांचं अख्खं जाळं कोलमडणार, असं या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय. आमच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या आहेत आणि शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प, म्हणजे दोन्ही बेभरवशाची मंडळी घरचीच! वारा पडतो, पण हळूहळू. सगळी पाती एका क्षणी थांबत नाहीत. शिवाय उद्या किती वीज येईल याचा अंदाज आदल्या दिवशीच भार प्रेषण केंद्राकडे (विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणारं केंद्र) जातो. उलट भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राचा ५०० मेगावॅटचा एक संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, तर तेवढी वीज डोळ्याचं पातं लवायच्या आत जाते. ३० जुलै २०१२ ला उत्तर भारत आणि ३१ ला जवळजवळ अर्धा देश अंधारात गेला, तो दोन्ही वेळा बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाइन ट्रिप झाल्यावर. त्यात पवनचक्कीचा काय दोष?

खरी अडचण संध्याकाळची आहे. मे महिन्यात सूर्य बुडाला तरी जळगावात भिंती तापलेल्याच असतात, घरोघरी कूलर चालू, आणि सौर शून्यावर. वाऱ्याचा भर मुख्यतः जून ते सप्टेंबर. शिवाय औष्णिक संचाचं जड चक्र फिरत असल्यामुळे ग्रीडची ५० हर्ट्झची फ्रीक्वेन्सी (विजेची सेकंदाला ५० आवर्तनं) झटका सोसते. सौर पॅनलमध्ये फिरणारं काहीच नाही. म्हणून बॅटऱ्या आणि घाटघरसारखे उदंचन प्रकल्प (पाणी वर चढवून ठेवायचं, गरज पडली की खाली सोडून वीज करायची) वाढायला हवेत, त्यावर बोला की.

तोवर रावेर-यावलच्या केळीला रात्रीऐवजी दिवसा पाणी देता येत असेल, तर शेतीपंपांचे फीडर (पंपांना वीज पुरवणाऱ्या लाइनी) आधी सौरवर टाका. ते काम बॅटरीसाठी अडलेलं नाही.