विषय: पत्रिकेवर ‘ग्रुस गॉट’ लिहावं का?

म्युनिकहून, सचिव:
सप्रेम नमस्कार. गणेशोत्सवाला यंदा जर्मन शेजारीही येणार आहेत. त्यांच्या पत्रिकेची सुरुवात ‘ग्रुस गॉट’ या इथल्या अभिवादनाने करावी, असं काहींचं मत आहे. इतरांना ते पटत नाही, कारण ‘गॉट’ म्हणजे देव, आणि तो दुसऱ्या धर्माचा आहे. काका, तुम्ही इथेही राहिलात आणि आता नाशिकला आहात. तुम्हाला काय वाटतं?

नाशिकहून, काका:
जरूर लिहा. बव्हेरियात वाण्याच्या दुकानातही ते म्हणतात. देव न मानणारेही म्हणतात. आणि दुसऱ्याच्या देवाचं म्हणाल, तर आमच्या गावात ते रोजचंच आहे. पंचवटीत ‘राम राम’ करणारा माणूस चौक मंडईत ‘सलाम’ घेतो, म्हसरूळला गजपंथाच्या वाटेवर ‘जय जिनेंद्र’ म्हणतो आणि देवळाली कॅम्पात सिंधी दुकानदाराला ‘जय झूलेलाल’. त्यात कोणाचा धर्म बुडत नाही. समोरच्याला मात्र बरं वाटतं.

मला खरी काळजी वेगळीच आहे. परदेशातलं ‘ग्रुस गॉट’, ‘चाव’, ‘अलोहा’ आपण हौसेनं म्हणतो, पण कोणी ‘जय भीम’ म्हटलं की आपल्यातले पुष्कळजण चाचरतात आणि ‘नमस्कार, नमस्कार’ करून सुटका करून घेतात. नाशिककराला तर हे मुळीच शोभत नाही. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह याच गावात सुरू झाला. तो काही वर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला आमच्याच जिल्ह्यात, येवल्याला, ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ ही घोषणा झाली. एवढं सगळं ज्या अभिवादनामागे उभं आहे, त्याला ‘जय भीम’ हेच उत्तर द्यायचं, तेही मोठ्यानं, नजरेला नजर देऊन.

फक्त निवेदकाला सांगा, भांगड्याच्या आधी टाळ्या मिळवायला ‘सत् श्री अकाल’ ओरडू नको. सभागृहात शीख मंडळी असतील, तर त्यांच्याकडे बघून, हात जोडून म्हण.

सचिव:
काका, पटलं. पत्रिकेवर आधी ‘नमस्कार’ आणि त्याखाली ‘ग्रुस गॉट’ असेल. आपल्या मंडळात ‘जय भीम’ म्हणणारी कुटुंबं आहेत. दाराशी स्वागताला उभे राहणाऱ्यांशी मी स्वतः बोलते. निवेदकालाही तुमचा मेल पाठवते.