घरची बिअर पहिल्यांदाच केगमध्ये भरायची आहे: दाब, तापमान आणि फेस यांचा मेळ कसा घालावा?

सातू (प्रश्न)

नमस्कार मंडळी. घरी बिअर करण्याचे तंत्र आता बऱ्यापैकी हातात बसले आहे, परंतु आजवरची प्रत्येक खेप मी साखर घालून बाटल्यांतच भरली. आता १९ लिटरचा बॉल-लॉक पद्धतीचा (खटक्याने बसणाऱ्या जोडण्यांचा) एक जुना केग, म्हणजे दाब सोसणारे स्टीलचे पिंप, कार्बन डायऑक्साइडचा २ किलोचा सिलिंडर, गॅसचा दाब ठरवणारा रेग्युलेटर आणि नळीच्या टोकाला बसणारी साधी हाततोटी एवढा सरंजाम जमवला आहे. केग आणि सिलिंडर दोन्ही उभे मावतील असा फ्रिजही रिकामा करून ठेवला आहे. फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवण्याच्या भांड्यात, पेल एल ही फिकट रंगाची बिअर आहे. तिचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतली घनता, जी साखर आंबते तशी उतरते) १.०४८ वरून १.०१० पर्यंत उतरले आहे, म्हणजे अल्कोहोल साधारण ५ टक्के भरते.

गॅस किती दाबावर आणि किती दिवस लावून ठेवावा, याबद्दल जितके वाचतो तितके वेगवेगळे आकडे समोर येतात. कोणी ०.८ बार म्हणतो, कोणी २ बार, तर कोणी केग आडवा करून हलवायला सांगतो. बाटल्यांप्रमाणे केगमध्येही साखर घालून यीस्टकडूनच गॅस तयार करून घेणे अधिक चांगले का, हेही ठरवता येत नाही. शिवाय पहिल्या केगमधून निम्मा ग्लास फेसच येतो, असे जवळपास प्रत्येकाने बजावले आहे. त्याचे नेमके कारण समजले तर तयारी आधीच करता येईल. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

मुरवण

दाबाचे आकडे वेगवेगळे दिसतात, कारण ते वेगवेगळ्या तापमानांसाठी आणि वेगवेगळ्या घाईसाठी दिलेले असतात. तापमान न सांगता दिलेल्या दाबाला काहीच अर्थ नाही. द्रवात विरघळणारा वायू त्याच्यावरील दाबाच्या प्रमाणात विरघळतो, हा नियम विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडला. आणि द्रव जितका थंड, तितका त्याच दाबाला त्यात अधिक वायू मावतो. आपले सारे काम या दोन गोष्टींवर चालते. (बिअर आणि या वायूचे नाते त्याहूनही जुने आहे. जोसेफ प्रीस्टली यांनी १७६७ च्या सुमारास लीड्समधील एका ब्रुअरीत, आंबणाऱ्या पिंपांच्या तोंडाशी साचलेल्या वायूत पाणी धरून ते फसफसते करून पाहिले होते. सोडा वॉटरचा उगम तिथला आहे, याचे मला नेहमीच अप्रूप वाटते.)

पेल एलला साधारण २.५ घनफळे कार्बन डायऑक्साइड शोभतो, म्हणजे एका लिटर बिअरमध्ये अडीच लिटर वायू. वजनात सांगायचे तर लिटरमागे सुमारे ५ ग्रॅम. बिअर ४ अंश सेल्सिअसला असेल तर त्यासाठी ०.८ बार, म्हणजे सुमारे १२ पीएसआय दाब लागतो. तीच बिअर २० अंशांवर ठेवली तर तेवढ्याच वायूसाठी जवळपास २ बार लागतील. म्हणून आधी केग पूर्ण थंड होऊ द्यावा आणि मगच आकडा लावावा.

माझा कौल निःसंशय संथ पद्धतीला आहे. ४ अंशांवर ०.८ बार लावून ठेवावा आणि दहा ते चौदा दिवस केगला हात लावू नये. बिअरमधला वायू ठरलेल्या पातळीपर्यंत चढतो आणि तिथेच थांबतो. विसरलात तरी काही बिघडत नाही, आणि त्या मुदतीत यीस्टही खाली बसून बिअर निवळते. घाईच असेल तर थंड केगला पहिले २४ तास २ बार द्यावा, नंतर सिलिंडरची चावी बंद करून केगच्या झाकणावरील सुरक्षा झडपेतून वरचा दाब सोडावा आणि रेग्युलेटर ०.८ बारवर आणून चावी पुन्हा उघडावी. मग दोन-तीन दिवसांत बिअर पिण्याजोगी होते. केग हलवण्याच्या पद्धतीला मात्र मी पहिल्या खेपेला स्पष्ट नकार देईन. हलवताना वायू किती शिरला याचा अंदाज नवख्याला येत नाही, तळाशी बसलेला गाळ उठतो, आणि रेग्युलेटरकडचा दाब केगपेक्षा कमी झाला तर बिअर उलट गॅसच्या नळीत शिरते.

गुरुत्व १.०१० वर आहे हे उत्तम, पण दोन-तीन दिवसांच्या अंतराने पुन्हा मोजून ते तिथेच थांबल्याची खात्री करून घ्यावी. थंडाव्याने अर्धवट थांबलेले यीस्ट डायअसिटिलची लोण्यासारखी चव बिअरमध्ये सोडून जाते, आणि केग एकदा थंड झाल्यावर ती निघत नाही.

हॉप्सवेल

मुरवण यांच्या दाबाच्या हिशेबाशी पूर्ण सहमत. परंतु माझ्या मते पहिल्या केगचे भवितव्य त्याच्या आधीच, बिअर फर्मेंटरमधून केगमध्ये उतरताना ठरते. बाटलीत साखर खाणारे यीस्ट आत शिरलेला थोडाफार ऑक्सिजन फस्त करते. थेट गॅस लावलेल्या थंड केगमध्ये ते काम करायला कोणी जागे नसते. परिणाम एकदम दिसत नाही. पहिला आठवडा बिअर छान लागते, मग हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा) वास विरतो, रंग गडद होऊ लागतो आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्याची चव येते. हॉप्स भरपूर घातलेल्या बिअरमध्ये हे फारच लवकर घडते.

त्यासाठी केगचे झाकण उघडून वरून बिअर ओतणे पूर्णपणे टाळावे. केग स्वच्छ करून आधी निर्जंतुक द्रावणाने काठोकाठ भरावा, अगदी झाकणाखाली हवेचा बुडबुडाही राहणार नाही असा. केगच्या माथ्यावर नळ्या जोडण्याची दोन तोंडे असतात, त्यांना पोस्ट म्हणतात: एक गॅसचा, एक बिअरचा. मग गॅस लावून ते सगळे द्रावण बिअरच्या पोस्टमधून बाहेर ढकलावे. द्रावण संपले की आत फक्त कार्बन डायऑक्साइड उरतो. रिकाम्या केगमध्ये गॅस सोडून दोन-चारदा झडप ओढल्याने हे साधत नाही, कारण हवा आणि कार्बन डायऑक्साइड एकमेकांत मिसळतात. जड वायू खाली बसून हवेला वर ढकलतो, ही समजूत चुकीची आहे. हे झाल्यावर केगमधला दाब सोडून द्यावा, फर्मेंटर उंचावर ठेवावा आणि त्याच्या तोटीची नळी केगच्या बिअरच्या पोस्टला जोडावी, म्हणजे बिअर लांब नळीवाटे थेट तळाशी उतरते. केगच्या गॅसच्या पोस्टपासून दुसरी नळी फर्मेंटरच्या झाकणातील भोकात न्यावी. बिअर खाली येते आणि केगमधला वायू वर जाऊन तिची जागा घेतो. बाहेरची हवा कुठेही शिरत नाही. हे सगळे गुरुत्वाकर्षणानेच होऊ द्यावे. फर्मेंटर काचेचा असेल तर त्याला गॅसचा दाब कधीही देऊ नये. काच फुटून गंभीर इजा होऊ शकते.

आणखी एक जागा अशी की जिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. फर्मेंटर फ्रिजमध्ये ठेवून बिअर निवळण्याची सवय असेल, तर थंड होताना आतला वायू आकसतो आणि एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणाऱ्या, पाणी भरलेल्या बुचातून) बाहेरची हवा, कधी कधी एअरलॉकमधले पाणीसुद्धा, आत खेचले जाते. केग हाती आला आहे, तेव्हा बिअर केगमध्येच थंड करावी. तळाच्या गाळामुळे पहिला ग्लास गढूळ येईल, तो टाकून द्यावा.

साखरेबद्दल: केगमध्ये साखर घालता येते, आणि यीस्ट थोडा ऑक्सिजन खाते हा तिचा खरा फायदा आहे. पण त्यासाठी केग दोन-एक आठवडे उबदार जागी ठेवावा लागतो आणि तळाशी गाळ वाढतो. सिलिंडर जवळ असताना पहिल्या खेपेला मी तो मार्ग धरणार नाही.

थंडतोटी

केग जुना आहे असे आपण लिहिले आहे, त्यामुळे बिअर भरण्याआधी तो पूर्ण सुटा करावा, ही माझी आग्रहाची विनंती. दोन्ही पोस्ट पान्याने काढा, त्यांच्यातल्या स्प्रिंगच्या झडपा बाहेर घ्या, आखूड आणि लांब अशा दोन्ही आतल्या नळ्या ओढून काढा. प्रत्येक पोस्टवर बाहेरून एक, प्रत्येक नळीच्या गळ्याशी एक आणि झाकणाला एक मोठी, अशा पाच ओ-रिंग असतात. जुन्या रिंगांना आधीच्या पेयाचा वास मुरलेला असतो आणि त्या कडक होऊन चिरा गेलेल्या असतात; सर्व पाचही बदलून त्यांना खाद्यपदार्थांसाठीचे वंगण बोटाने हलकेसे लावा. लांब नळीच्या आतून ब्रश फिरवा, कारण डोळ्यांना न दिसणारा गाळ तिथेच साचून राहतो. धुण्यासाठी गरम पाण्यात सोडियम परकार्बोनेट उत्तम. क्लोरीनचे ब्लीच मात्र वापरू नका, त्याने स्टेनलेस स्टीलला सूक्ष्म खड्डे पडतात. जोडताना गॅसचा पोस्ट आणि बिअरचा पोस्ट यांची अदलाबदल होऊ देऊ नका; बॉल-लॉकमध्ये गॅसच्या पोस्टच्या षटकोनी कडांवर सहसा खाचा असतात. कनेक्टर साधारणपणे गॅससाठी करडा आणि बिअरसाठी काळा असतो. चुकीच्या पोस्टवर जोराने बसवलेला कनेक्टर काढणे फार जिकिरीचे होते.

जुळवणी झाली की रिकाम्या केगला २ बार द्या. झाकणाची रिंग दाबानेच नीट बसते; कमी दाबावर गळणारे झाकण २ बारवर अनेकदा आपोआप बंद होते. मग झाकणाच्या कडेला, पोस्टच्या मुळाशी, सुरक्षा झडपेवर आणि रेग्युलेटरच्या प्रत्येक जोडणीवर साबणाचे पाणी ब्रशने लावा आणि मिनिटभर शांतपणे पाहत राहा. मोठी गळती लगेच फुगे काढते. बारीक गळतीत मात्र पांढरा दाट फेस हळूहळू साचतो, आणि अशी गळती नकळत सिलिंडर रिकामा करते. गळती नसेल तर २ किलोमध्ये सात-आठ केग सहज निघतात.

सुरक्षिततेचे दोन शब्द. सिलिंडर नेहमी उभा आणि पट्ट्याने बांधलेला असावा. आडवा पडला तर आतला द्रवरूप वायू रेग्युलेटरमध्ये शिरतो. आणि २ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला तर खोलीच्या तापमानाला तो सुमारे १,१०० लिटर होतो. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद अशा बंद खोलीत हे प्रमाण ४ टक्क्यांच्या वर जाते, आणि त्या पातळीला डोके दुखणे, धाप लागणे सुरू होऊन धोका फार वेगाने वाढतो. फ्रिज झोपण्याच्या किंवा बंद खोलीत ठेवू नये. बंद जागेत गत्यंतर नसेल तर या वायूची सूचना देणारा यंत्र-अलार्म जरूर बसवावा.

सातू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. केग सुटा केला, रिंगा बदलल्या, २ बारवर साबणाच्या पाण्याने तपासणीही झाली. कुठेही फुगे दिसले नाहीत. तरीही दोन शंका उरल्या आहेत. सिलिंडर फ्रिजमध्ये ठेवल्यावर त्याच्या मोठ्या काट्यावरील दाब रात्रीत ५७ बारवरून ४० च्या खाली आला, ही गळतीच समजावी का? आणि तोटीसोबत आलेली नळी जेमतेम एक मीटरची असून तिचा आतला व्यास सुमारे ५ मिलिमीटर आहे. ०.८ बारला ती चालेल का, की ओतताना दाब कमी करावा?

मुरवण

काट्याची चिंता नसावी. सिलिंडरमध्ये द्रवरूप कार्बन डायऑक्साइड शिल्लक आहे तोवर वरचा दाब केवळ तापमानावर ठरतो: २० अंशांना सुमारे ५७ बार, ४ अंशांना ३९ च्या आसपास. याच कारणाने तो काटा सिलिंडर किती भरलेला आहे हे सांगतच नाही. द्रव संपला की मगच तो वेगाने उतरू लागतो. किती गॅस उरला हे जाणायचे असेल तर सिलिंडर तराजूवर ठेवावा आणि त्यावर कोरलेले रिकामे वजन वजा करावे.

नळी मात्र बदलावीच लागेल, आणि आपल्या मूळ प्रश्नातल्या फेसाचे उत्तर याच ठिकाणी आहे. केगमधला ०.८ बार दाब तोटीपर्यंत पोचेतो नळीच्या घर्षणाने हळूहळू खर्ची पडला पाहिजे. आखूड नळीत तो खर्ची पडत नाही. बिअर तोटीतून जोरात सुटते, एकदम मोकळ्या हवेच्या दाबाला येते आणि तिच्यातला वायू फेस होऊन बाहेर पडतो. ५ मिलिमीटरच्या आसपास व्यास असलेल्या नळीला या दाबासाठी साधारण ३ मीटर लांबी लागते. थोडी जास्त घ्यावी. ओतणे जरा संथ होते एवढेच, आणि कापून कमी करणे नंतरही हाती असते.

ओतताना दाब कमी करण्याची युक्ती बरेच जण सांगतात आणि पहिल्या दिवशी ती लागू पडल्यासारखी वाटते. पण केगवर ०.८ ऐवजी ०.२ बार ठेवून दिला, तर बिअरमधला वायू त्या नव्या दाबाशी जुळवून घेण्यासाठी नळीतच बुडबुड्यांच्या रूपाने सुटू लागतो. मग फेस वाढतो आणि चार-पाच दिवसांत केगमधली बिअर मवाळ पडते. दाब, तापमान आणि नळी यांपैकी दाबाला आपण आधीच शब्द दिलेला आहे. जुळवायची ती नळी.

हॉप्सवेल

एक पुरवणी. नळी पुरेशी लांब असूनही फक्त पहिलाच ग्लास फेसाळ आणि पुढचे ठीक येत असतील, तर नळी आणि तोटी केगपेक्षा गरम आहेत असे समजावे. हाततोटीचा फायदा असा की संपूर्ण नळी वेटोळे करून केगच्या माथ्यावर, फ्रिजच्या आतच ठेवता येते. ओतताना तोटी पूर्ण दाबावी. अर्धवट उघडलेल्या फटीतून बिअर घुसळून निघते. ग्लास तिरका धरावा, आणि तो वाळलेला असेल तर आधी थंड पाण्याने विसळून घ्यावा. बिअरमध्ये वायू जास्तच भरला गेला असेल तर सिलिंडरची चावी बंद करून दिवसभरात अधूनमधून सुरक्षा झडप ओढत राहावे. एक-दोन दिवसांत ती जागेवर येते.