फूल नसताना झाड कसं ओळखता? मराठवाड्यातल्या झाडांच्या खुणा

फुलावर आलेला पळस कुणीही ओळखतो. प्रश्न उरलेल्या वर्षाचा आहे. आपल्याकडच्या माळावर, बांधावर, अंगणात दिसणारी झाडं फूल नसताना कशावरून ओळखता ते इथे लिहा. नुसतं 'पानं बारीक असतात' नको. काटा कुठे, साल कशी, शेंग कशी आणि घोटाळा कुठे होतो, ते हवं.

सुरुवात मी करते. आधी पान कुठून सुरू होतं ते ठरवा. देठ फांदीला जिथे चिकटतो त्या बेचक्यात बारीकसा डोळा असतो. तिथून पुढचं सगळं मिळून एक पान. कडुनिंबाच्या लांब देठावरच्या दहा-पंधरा पात्यांच्या बुडाशी डोळा नसतो, म्हणून त्या पर्णिका; अख्खा देठ हे एक पान. हे चुकलं की पुढचं सगळं चुकतं. मग पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, ते बघा.

बीड
ताई, काटेरी झाडांचं सांगतो, कारण आमच्या बालाघाटात 'सगळ्या बाभळीच' म्हणायची सवय आहे. काटा कुठून निघतो ते बघावं.

बाभळीचे काटे पांढरट, सरळ, जोडीजोडीने पानाच्या बुडाशी. शेंग राखाडी, दर दोन बियांच्या मध्ये आवळलेली. साल काळपट, उभ्या भेगांची. हिवराचे काटेही जोडीनेच असतात, पण साल पिवळट-पांढरी असते. लांबून खोड उजळ दिसलं की जवळ जाऊन शेंग बघा: चपटी, किंचित वाकडी, न आवळलेली. खैराचे काटे आखूड आणि आकड्यासारखे वळलेले, शेंग पातळ, चपटी, तपकिरी.

खरी गल्लत शमी आणि वेड्या बाभळीची. वेड्या बाभळीचा काटा पानाच्या बुडाशीच येतो आणि तिची पिकलेली शेंग पिवळसर, गोड गराची असते. शमीचे काटे दोन पानांच्या मधल्या फांदीवर विखुरलेले, आखूड, बुडाशी रुंद. कोवळी फांदी हातात घेऊन दोन-तीन पेरं तपासली की निकाल लागतो. रोपवाटिकेत शमीचं रोप घेतानाही हेच तपासा.

एक सावधगिरी: तोडलेल्या झाडाच्या फुटव्यावर काटे जास्त नि मोठे येतात, म्हातारी बाभूळ जवळजवळ बिनकाट्याची दिसते. म्हणून खूण नेहमी न तोडलेल्या, मध्यम वयाच्या फांदीवर बघा.

धाराशिव
फुटव्यांचा मुद्दा आपट्यालाही लागू. फुटव्यावरचं आपट्याचं पान एवढं मोठं होतं की कांचन वाटतं. एरवी आपट्याचं पान २ ते ५ सें.मी., लांबीपेक्षा रुंदीला जास्त, जाडसर, खालून राखट लव असलेलं. कांचनाचं पान तळहाताएवढं. शंका उरली तर शेंग बघा. आपट्याची फुगीर असते, वाळून उकलत नाही आणि कितीतरी दिवस झाडावरच लोंबते. कांचनाची चपटी, वाळली की तडकून पिळवटते. दसऱ्याला आपटा म्हणून कांचन विकला जातो आणि दोन्ही झाडं ओरबाडली जातात, हे बघवत नाही. पानं खुडा, फांद्या मोडू नका.

किनवट
उन्हाळ्यात आमच्या रानात पानच नसतं, तेव्हा सालीवर भिस्त. सालईची साल कागदासारख्या पातळ पापुद्र्यांनी सुटते, खरचटलं तर धुपाचा वास येतो. धावड्याचं खोड गुळगुळीत, पांढुरकं, खपली पडलेल्या जागी उथळ खळगे. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली. पान मिळालं तर उलटं करून देठाजवळच्या दोन गाठी बघा. सागाचं कोवळं पान चुरगाळलं की बोटं लाल होतात.

छत्रपती संभाजीनगर
शहरातलं लिहितो. गुलमोहर, सोनमोहर आणि नीलमोहर तिघांची पानं पिसाऱ्यासारखी. नीलमोहराची पानं समोरासमोर, बाकी दोघांची एकाआड एक. सोनमोहराच्या कोवळ्या शेंड्यावर गंजाच्या रंगाची मखमल असते, शेंग बोटभर आणि तांबूस. गुलमोहराची शेंग हातभर, काळी, लाकडासारखी.

कडुनिंब आणि बकाण: बकाणाचं पान दोन-तीनदा विभागलेलं, पिवळी फळं पानं गळल्यावरही झाडावर राहतात. महारुखाचं पान कधीकधी मीटरभर लांब.

कण्हेरीची पानं एका पेरावर बहुधा तीन-तीन, बिट्टीची (पिवळ्या कण्हेरीची) एकेक. दोन्ही विषारी आहेत, त्यामुळे पान किंवा फळ चाखून ओळखायचं नाही. मुलांना हे आधी सांगा.

परभणी
मोबाईलवर ओळखायची असतील तर एका पानाचा फोटो पुरत नाही. पाच काढा: पूर्ण झाड, साल, पानासकट फांदी, पानाची खालची बाजू, शेंग किंवा फळ. शेजारी पट्टी ठेवा, नाहीतर आकार कळत नाही.

नमुना वाळवायचा तर सुटं पान नको, वीतभर फांदी घ्या. एक-दोन पानं उलटी ठेवा. वर्तमानपत्राच्या घडीत घालून वजन ठेवा. पहिले तीन-चार दिवस रोज कागद बदला, मग दिवसाआड. आठ-दहा दिवसांत वाळतं. पावसाळ्यात कागद बदलायला आळस केला की बुरशी येते आणि पानं काळी पडतात. शेंगा वेगळ्या पाकिटात. चीक, वास, फुलाचा रंग, सालीचं रूप आणि झाडाची उंची त्याच दिवशी लिहा, वाळल्या नमुन्यात ते राहत नाही. गौताळा किंवा येडशी अभयारण्यातून मात्र काही तोडायचं नाही, फोटोच.

नाव पक्कं करायला कुक या इंग्रज अभ्यासकाच्या वनस्पतींवरच्या जुन्या ग्रंथावर विसंबू नका. तो मुंबई इलाख्याचा आहे, आणि आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. व्ही. एन. नाईक यांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' (१९९८) महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मागा.